भाता, मोटार आणि प्राणवायु

चाकण हें नांव उच्चारतांच मराठी वाचकास १६६० सालचा वेढा आठवतो. शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढें फिरंगोजी नरसाळ्यानें संग्रामदुर्गाचा तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढविला, आणि सुरुंगानें बुरूज उडाला तेव्हांच तो शत्रूच्या हातीं गेला. पुढें हें गांव कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध झालें आणि अलीकडे मोटारींसाठीं. परंतु २०२० आणि २०२१ हीं दोन वर्षें चाकणच्या इतिहासांत एक निराळीच नोंद करून गेलीं आहेत. एरवीं कारखान्यांत लोखंड कापण्यासाठीं वापरला जाणारा वायु त्या वर्षीं रोग्यांच्या उशाशीं नेला गेला, आणि मोटारींचे भाग जुळविणाऱ्या लोकांना फुप्फुसाचें शास्त्र शिकावें लागलें. ही गोष्ट आकस्मिक दिसते. पण कारखाना आणि रोग्याचा श्वास यांचें नातें फार जुनें आहे. तें उलगडून दाखवावें हाच या लेखाचा हेतु आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द त्या दोन वर्षांत घरोघरीं पोंचला खरा, पण तो भीतीच्या वेषांत पोंचला. एखाद्या गृहस्थाच्या छातीवर किंवा पोटावर मोठी शस्त्रक्रिया होते. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, “आज रात्रभर व्हेंटिलेटरवर ठेवणार आहों”. आणि हें ऐकतांच आप्तांच्या तोंडचें पाणी पळतें. कोणी देव पाण्यांत घालतो, कोणी गांवाकडे फोन करूं लागतो, तर कोणी “आतां त्यांचे हाल करूं नका” असें हात जोडून विनवितो. या भीतीच्या मुळाशीं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. रोगानें फुप्फुसें निकामी केल्यावर लावावें लागणारें यंत्र आणि शस्त्रक्रियेसाठीं वैद्यानेंच निजविलेल्या माणसाला जाग येईपर्यंत दिलेला आधार, यांत यंत्र एकच असलें तरी प्रसंग एक नव्हे. पहिल्या प्रसंगीं चिंता रास्त आहे. दुसऱ्या प्रसंगीं मात्र यंत्र हा पुष्कळ वेळां उपचाराचा ठरलेला भागच असतो. हा भेद मनांत ठसावयास इतिहासासारखा दुसरा गुरु नाहीं.

कृत्रिम श्वासोच्छ्वासाची मूळ कल्पना लोहाराच्या भात्याइतकी साधी आहे. १५४३ सालीं आंद्रेआस वेसालियस यानें आपल्या शरीररचनेच्या ग्रंथांत लिहून ठेवलें, कीं जनावराच्या श्वासनलिकेस भोंक पाडून तींत बोरूची नळी बसविली आणि तींतून फुंकर घातली, तर मिटलेलीं फुप्फुसें पुन्हां फुगतात व मंदावलेलें हृदय जोर धरतें. १६६७ सालीं, म्हणजे चाकणचा बुरूज उडाल्याला सातच वर्षें झालीं असतां, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें रॉबर्ट हूक यानें छाती उघडलेल्या कुत्र्यास भात्यानें वारा घालून जिवंत ठेवलें. फुप्फुसें हालविलीं नाहींत आणि त्यांतून नुसता ताज्या हवेचा झोत चालूं ठेवला, तरीही प्राणी जगतो, हेंहि त्यानें त्याच वेळीं दाखविलें. जीव टिकतो तो फुप्फुसाच्या हालचालीनें नव्हे, तर तेथें पोंचणाऱ्या हवेनें, हा त्याचा निष्कर्ष होता.

अठराव्या शतकांत बुडालेल्या माणसांस वांचविण्यासाठीं युरोपांतील कित्येक शहरांत असे भाते ठेवले जाऊं लागले. पण १८२७ सालीं पॅरिसमध्यें लरॉय नांवाच्या वैद्यानें प्राण्यांवर प्रयोग करून एक अप्रिय सत्य पुढें मांडलें: भाता जोरानें दाबला तर फुप्फुस फाटतें, हवा छातीच्या पोकळींत शिरते आणि प्राणी मरतो. लोकांचा उत्साह ओसरला व भाता अडगळींत पडला. त्यास अडगळींत टाकणें ही कदाचित् घाई झाली असेल. पण लरॉयनें विचारलेला प्रश्न, कीं वारा किती घालावा आणि कोठें थांबावें, तो मात्र अडगळींत टाकण्याजोगा नव्हता. या इतिहासाच्या शेवटच्या पानावर तोच प्रश्न पुन्हां उभा राहिलेला वाचकांस दिसेल.

१८४६ सालीं बॉस्टन येथें ईथरची आणि १८४७ सालीं एडिंबरो येथें क्लोरोफॉर्मची भूल प्रचारांत आली, आणि शस्त्रवैद्यास वेदनेच्या बंधनांतून मोकळीक मिळाली. वेदना गेली, पण श्वास धोक्यांत आला. कारण जें औषध जाणीव घालवितें, तेंच जास्त झालें तर श्वासाचा ठेकाहि चुकवितें. या प्रश्नाचा एक मोठा शोध आपल्या शेजारींच झाला. १८८८ आणि १८८९ सालीं निजामाच्या राज्यांत, ज्यांत त्या काळीं आपला मराठवाडा मोडत होता, हैदराबाद येथें डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें क्लोरोफॉर्मविषयीं दोन चौकशी-मंडळें बसलीं. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनीं निर्णय दिला, कीं क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास थांबतो व मागाहून हृदय. म्हणून भूल देणाऱ्यानें नाडीवर नव्हे तर श्वासावर नजर ठेवावी. क्लोरोफॉर्मनें कधीं कधीं हृदयहि एकाएकीं बंद पडतें, हें पुढें सिद्ध झालें आणि हैदराबादचा निर्णय अपुरा ठरला. तरी “श्वासाकडे पाहा” हा त्यांतील उपदेश कोणीं खोटा ठरविला नाहीं.

पुण्याच्या ससून रुग्णालयांत १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं झालेली शस्त्रक्रिया आमच्या वाचकांस माहीत असेलच. येरवड्याच्या तुरुंगांतून आणलेल्या महात्मा गांधींचें आंत्रपुच्छ कर्नल मॅडॉक यांनीं काढलें. मध्येंच वीज गेली आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें झालें. त्या प्रसंगाचें राजकीय महत्त्व पुष्कळांनीं वर्णिलें आहे. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं त्या काळीं भूल दिलेल्या रोग्यास श्वास घेण्याचें काम स्वतःच करावें लागे. विजेनें दगा दिला तर दिवा विझे, पण श्वास चालूं राही. कारण तो विजेवर अवलंबून नव्हता. उलट, रोग्याचाच श्वास अडखळला तर त्याला दीर्घकाळ सांभाळून नेण्याचें साधन रुग्णालयांत नसे.

आणि खरा धोका शस्त्रक्रिया संपल्यावर असे. निरोगी मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटाला बारा ते सोळा वेळां, दर वेळीं सुमारें अर्धा लिटर, अशी हवा आंत घेतो. मधून मधून नकळत एखादा दीर्घ सुस्काराहि टाकतो, आणि त्यानें फुप्फुसाचे मिटूं लागलेले कोपरे पुन्हां उघडतात. पोटाच्या वरच्या भागावर किंवा छातीवर चीर पडली कीं हा क्रम बिघडतो. दीर्घ श्वास घ्यावा तर टांके ओढतात. खोकावें तर कळ मस्तकांत जाते. मग रोगी वरच्यावर उथळ श्वास घेत पडून राहतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ तेथेंच सांचतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं ताप चढतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली पण रोगी न्यूमोनियानें गेला, असें वाक्य आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडीं ऐकूं येई, त्याचा अर्थ पुष्कळदां हाच असे.

छाती उघडावयाची तर याहूनहि मोठा अडथळा होता. बाहेरची हवा आंत शिरतांच फुप्फुस मिटून जाई. १९०४ सालीं जर्मनींतील ब्रेस्लाउ येथें झाउएरब्रूख यानें यावर एक अजब तोड काढली. रोग्याचें डोकें बाहेर आणि धड एका बंद खोलींत. शस्त्रवैद्यहि त्याच खोलींत. आणि खोलींतील हवेचा दाब कमी केलेला! पुढें श्वासनलिकेंत नळी घालून हवा देण्याची सोपी रीत रूढ झाली आणि ती खोली मागें पडली. १९४२ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें ग्रिफिथ यानें क्युरारे हें द्रव्य शस्त्रक्रियेंत वापरलें. दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी बाणाला लावीत तेंच हें विष; त्यानें स्नायु सैल पडतात, म्हणून पोटाची शस्त्रक्रिया सुकर होते. पण श्वासाचे स्नायुहि त्यांतून सुटत नाहींत. तेव्हांपासून रोग्याचा श्वास कांहीं काळ दुसऱ्यानें चालविणें ही भुलेच्या शास्त्रांतील नित्याची गोष्ट झाली.

दरम्यान दुसऱ्या बाजूनें यंत्र आलें होतें. १९२८ सालीं बॉस्टन येथें ड्रिंकर आणि शॉ यांनीं लोखंडी पेटी बनविली. बालपक्षाघातानें श्वास बंद पडत आलेल्या रोग्यास मानेपर्यंत तींत ठेवावें, पंपानें आंतील हवेचा दाब कमी-जास्त करावा, म्हणजे छाती आपोआप वर-खालीं होऊन नाका-तोंडावाटे हवा आंत-बाहेर जाऊं लागे. लोक तिला ‘लोखंडी फुप्फुस’ म्हणूं लागले. ही पेटी महाग होती. ऑस्ट्रेलियांतील एडवर्ड बोथ यानें १९३७ च्या सुमारास तीच कल्पना प्लायवुडच्या पेटींत स्वस्तांत उतरविली. आणि येथेंच मोटार या कथेंत शिरते.

ऑक्सफर्ड येथें सायकली दुरुस्त करण्यापासून आरंभ करून मॉरिस मोटारींचा कारखानदार झालेला विल्यम मॉरिस, म्हणजेच लॉर्ड नफील्ड, यानें १९३८ सालीं बोथच्या पेटीचा चित्रपट पाहिला. आपल्या काउली येथील कारखान्यांत त्यानें या पेट्या तयार करण्यास लाविल्या आणि ब्रिटन व त्याचें तत्कालीन साम्राज्य यांतील रुग्णालयांस सुमारें १,७०० पेट्या फुकट वांटल्या. सरसकट वांटलेल्या या देणगीवर त्या वेळीं टीकाहि झाली. पेटी आली, पण ती चालविण्याचें ज्ञान सर्वत्र कोठून येणार, असा प्रश्न होता. याच नफील्डच्या देणगींतून १९३७ सालीं ऑक्सफर्ड येथें भूलशास्त्राचें अध्यासन निर्माण झालें होतें आणि रॉबर्ट मॅकिंटॉश त्यावर बसले होते. मॅकिंटॉश यांनीं १९४० सालीं आणि त्यांचे सहकारी मुशिन यांनीं १९४४ सालीं बोथच्या पेटीचा उपयोग बालपक्षाघाताऐवजीं शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांसाठीं कसा होतो, हें वैद्यकीय जगापुढें मांडलें. मोटारींच्या कारखान्यांत बनलेलें यंत्र शस्त्रक्रियेनंतरच्या श्वासासाठीं वापरलें गेलें, तें असें. त्या एकाच दात्यानें यंत्र आणि तें जाणणारा मनुष्य या दोहोंची तरतूद केली, ही गोष्ट आम्हांस देणगीच्या आंकड्याहून मोठी वाटते.

तरीहि या इतिहासांतील सर्वांत थोर प्रसंग यंत्राचा नव्हे, हाताचा आहे. १९५२ च्या उन्हाळ्यांत कोपनहेगन शहरांत बालपक्षाघाताची भयंकर सांथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयांत लोखंडी पेटी होती फक्त एक. श्वास बंद पडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ८७ मरत होते. ब्यर्न इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञास बोलावण्यांत आलें. त्यानें सांगितलें, कीं आम्ही शस्त्रक्रियेच्या मेजावर रोज जें करतों तेंच येथें करा: घशाशीं छेद घेऊन श्वासनलिकेंत नळी घाला आणि रबरी पिशवी हातानें दाबून हवा द्या. यंत्रें नव्हतीं, म्हणून वैद्यकाचे विद्यार्थी आले; सुमारें १,५०० जणांनीं पाळीपाळीनें, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबल्या. मृत्यूचें प्रमाण उतरत शेवटीं शेंकडा २५ च्या आसपास आलें. भूलतज्ज्ञाची विद्या शस्त्रक्रियागृहाचा उंबरठा ओलांडून वॉर्डांत आली; १९५३ सालीं इब्सेननें अशा रोग्यांसाठीं वेगळा विभागच उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथें सांगतात.

त्यानंतर यंत्रानें हाताची जागा घेण्यास वेळ लागला नाहीं. स्वीडनच्या एंगस्ट्रॉमचें यंत्र ठरलेल्या मापाची हवा नळीवाटे देऊं लागलें. १९५५ सालीं ब्यर्क व एंगस्ट्रॉम यांनीं फुप्फुसाचा भाग काढलेल्या रोग्यांस शस्त्रक्रियेनंतर अशा यंत्रावर ठेवून वांचविल्याचें प्रसिद्ध केलें. हातपिशवीहि नाहींशी झाली नाहीं. १९५६ सालीं डेन्मार्कमध्येंच आपोआप फुगणारी ‘अँबू’ पिशवी निघाली, आणि आजहि वीज गेली किंवा यंत्र अडलें, कीं परिचारिकेचा हात प्रथम तिच्याकडेच जातो.

आपल्याकडे या विद्येचें माहेर मुंबई. तेथें केईएम रुग्णालयांत डॉ. पी. के. सेन यांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. पण छाती उघडून हृदयावर काम करणारें पथक, आणि नंतर रोग्याचा श्वास सांभाळणारें पथक, येथें उभें राहूं शकतें हें त्यानें सिद्ध केलें. डॉ. फरोख उदवाडिया यांनीं मुंबईंतच धनुर्वाताच्या रोग्यांस दीर्घकाळ यंत्रावर ठेवून वांचविण्याचें कार्य केलें. आणि पिंपरीचा वांटाहि येथें सांगितला पाहिजे. १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यांतून पुढील वर्षीं पेनिसिलिन बाहेर पडूं लागलें. शस्त्रक्रियेनंतरच्या ज्या न्यूमोनियाचें वर्णन वर केलें, त्याच्यावरील हें एक मोठें अस्त्र. हा सर्व पट्टा मोटारींच्या नांवानें ओळखला जाण्यापूर्वीं औषधाच्या नांवानें ओळखला जात होता, हें आज पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.

आतां चाकणकडे वळूं. बजाजच्या पाठोपाठ २००९ सालीं फोक्सवागेन आणि मर्सिडीज-बेंझ, व मग महिंद्र, असे मोठे कारखाने तेथें आले. त्यांच्या अवतीभोंवतीं लहान कारखान्यांचें जाळें झालें, आणि कापकाम व जोडकाम यांसाठीं लागणारा प्राणवायुहि तेथेंच बनूं लागला. आयनॉक्स एअर प्रॉडक्ट्स, तायो निप्पॉन सान्सो यांसारख्यांचे प्रकल्प हवा अतिशय थंड करून तिचे घटक वेगळे करतात. उणे १८३ अंशांवर प्राणवायु द्रवरूप होतो, आणि त्या एका लिटर द्रवापासून सुमारें ८५० लिटर वायु मिळतो. म्हणून एका टँकरांत कित्येक वॉर्डांचा श्वास मावतो.

२०२० च्या मार्चमध्यें करोनाची सांथ येतांच मोटारींच्या कारखान्यांस काउलीची आठवण झाली असेल-नसेल, पण त्यांनीं केलें तें तेंच. महिंद्रच्या कांदिवली व इगतपुरी येथील अभियंत्यांनीं दोन दिवसांत अँबू पिशवी आपोआप दाबणाऱ्या यंत्राचा नमुना तयार केला; कोपनहेगनच्या विद्यार्थ्याचा हात जणुं मोटारीला जोडला. पुण्यांतील नोक्का रोबोटिक्स ही लहानशी कंपनी सौर-तावदानें पुसणारे यंत्रमानव बनवीत असे. तिनें कानपूरच्या आयआयटीच्या साहाय्यानें कांहीं महिन्यांत व्हेंटिलेटर बनविला. म्हाळुंगे इंगळे येथें मर्सिडीज-बेंझच्या मदतीनें १,५०० जणांची सोय असलेलें तात्पुरतें रुग्णालय उभें राहिलें. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्यें, जें मोटार-उद्योगाच्या सोयीसाठीं बांधलें होतें, तेथें खाटा मांडल्या गेल्या. आणि प्राणवायु! सप्टेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें उत्पादनाचा शेंकडा ८० भाग रुग्णालयांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. एप्रिल २०२१ मध्यें थोडे अपवाद वगळून कारखान्यांचा प्राणवायु बंदच झाला. चाकणचे टँकर पुण्याच्या व पिंपरी-चिंचवडच्या रुग्णालयांकडे धांवूं लागले. लोखंड थांबलें आणि श्वास चालला.

या कामगिरीचा अभिमान अवश्य वाटावा. पण इतिहासकारानें अभिमानापाशीं थांबूं नये. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टांकीस गळती लागली, दाब उतरला, आणि त्या एका दिवशीं २२ रोगी दगावले. यंत्रें जागच्या जागीं होतीं, वायु नव्हता. पुढच्याच महिन्यांत तत्कालीन औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मिळालेलीं व्हेंटिलेटर-यंत्रें नीट चालत नाहींत, हा वाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढें गेला. एक पक्ष यंत्राकडे बोट दाखवी, तर दुसरा तीं वापरणाऱ्यांकडे व रुग्णालयाच्या व्यवस्थेकडे. त्या वादाचा निवाडा करण्याचें येथें कारण नाहीं; पण नफील्डच्या पेट्यांविषयीं ऐंशी वर्षांपूर्वीं विचारलेला प्रश्नच तेथें पुन्हां विचारला गेला, हें दिसून येतें. यंत्र म्हणजे साखळीचा एक दुवा. टांकी, नळी, वीज, तंत्रज्ञ आणि उशाशीं जागणारी परिचारिका हे बाकीचे. त्यांतील एक तुटला कीं साखळी तुटली.

लरॉयच्या प्रश्नाचें उत्तरहि आतांशा मिळूं लागलें आहे. २००० सालीं अमेरिकेंत झालेल्या मोठ्या तौलनिक प्रयोगांत सुजलेल्या फुप्फुसांस मोठ्या मापानें हवा देण्याऐवजीं जवळजवळ निम्म्या मापानें दिली, तेव्हां मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४० वरून ३१ वर आलें. २०१३ सालीं फ्रान्समध्यें पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या ४०० रोग्यांवर हीच तुलना झाली. शस्त्रक्रियेच्या वेळीं फुप्फुस जपून हवा दिलेल्यांत मोठे उपद्रव शेंकडा १०.५ जणांस झाले, तर जुन्या रीतीनें हवा दिलेल्यांत २७.५ जणांस. म्हणजे दीडशें-पावणेदोनशें वर्षें आपण भाता अधिक जोरदार करीत आलों, आणि शेवटीं शिकलों तें तो हळू दाबण्यास.

थांबण्याचेंहि एक शास्त्र झालें आहे. लेंकराचें दूध तोडतात त्या रीतीनें यंत्र थोडें थोडें सोडवावें लागतें. भूल उतरली कीं नाहीं, रोगी हांकेला डोळे उघडतो कीं नाहीं, खोकून कफ वर आणतो कीं नाहीं, हें पाहून कांहीं वेळ त्याला स्वतःच्या श्वासावर ठेवून पारखतात, आणि निभावलें तर नळी काढतात. जरुरीपेक्षां एक दिवसहि अधिक यंत्रावर राहिलें, तर न्यूमोनियाचें भय वाढतें आणि श्वासाचे स्नायु दुर्बळ होतात. म्हणून चांगलें रुग्णालय यंत्र लावण्यावरून ओळखावें, त्याहून तें वेळेवर काढण्यावरून ओळखावें.

शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या आप्तांना आमची एवढीच विनंति आहे, कीं “व्हेंटिलेटर लावला” हें ऐकून धीर सोडूं नये, आणि डोळे मिटूनहि बसूं नये. हा आधार कशासाठीं दिला आहे, तो काढण्यापूर्वीं रोज काय पाहतां, आणि वीज किंवा वायु खंडित झाला तर काय तजवीज आहे, हे तीन प्रश्न शांतपणें विचारावेत. ते विचारण्याचा आपणांस हक्क आहे, आणि समंजस वैद्यास त्यांचा राग येत नाहीं. चाकणच्या कारखान्यांनीं वायु पुरविला आणि अभियंत्यांनीं यंत्र घडविलें. पण हवा किती द्यावी व केव्हां थांबावें, हें जाणणारीं माणसें कारखान्यांत घडत नाहींत. तीं घडविण्याचें काम अजून पुष्कळ उरलें आहे, आणि त्याचा पुरवठा टँकरनें होण्यासारखा नाहीं.